सासूबाईंचा मासा आणि गावभरची गाबोळी

मारिटची आई अंगणातल्या बर्फावर घसरून पडली, तेव्हा एल्डन ट्वेट गॅरेजमध्ये फावडं शोधत होता. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढे गावात फावडं, बर्फ आणि जावई या तीन गोष्टींची सांगड ज्याने त्याने आपापल्या परीने घातली. खरी हकीकत एवढीच, की ते फावडं शेजारच्या पाल्मर नेसकडे होतं. त्याने ते नाताळच्या आधी नेलं आणि मग विसरला. आता आपलीच वस्तू शेजाऱ्याकडे तोंड उघडून परत मागणं हे मिनेसोटाच्या या कोपऱ्यात चोरीच्या खालोखाल वाईट समजतात. आपण फक्त हवेबद्दल बोलायचं, ‘यंदा बर्फ बराच पडला, नाही?’ असं म्हणायचं, आणि समोरच्याला आपोआप आठवेल अशी आशा धरायची. एल्डन अख्खा हिवाळाभर पाल्मरशी बर्फाबद्दल बोलत होता. पाल्मरलाही बर्फाबद्दल बोलायला आवडायचं.

सासूबाईंचं नाव थोरा. खुब्याचं हाड मोडलं होतं, तरी स्ट्रेचरवरून जाताना ‘दुखतंय का’ या प्रश्नाला त्यांनी ‘जरा अवघडलंय’ एवढंच उत्तर दिलं. या गावात कुणाला दुखत नाही, आणि कुणाला फार बरंही वाटत नाही. एखाद्याची मुलगी डॉक्टर झाली तरी लोक ‘तसं वाईट नाही’ म्हणतात, आणि मुलीचा बाप या स्तुतीने लाजून चूर होतो. सासूबाईंनी एल्डनबद्दल ‘तसा वाईट नाही’ असं आजवर कधीही म्हटलं नव्हतं. त्यांच्या बोलण्यात तो ‘मारिटचा नवरा’ म्हणून यायचा, तोही तक्रारीच्या सुरात.

अँब्युलन्सचं दार लागता लागता त्यांनी मारिटला हाक मारली. “मासा,” त्या म्हणाल्या. “नदीवरचा बर्फ फुटला की त्याला सकर माशाची गाबोळी लागते. ताजी. तूच बघ. तुझ्या नवऱ्यावर सोपवू नकोस, गोंधळ घालेल.”

एल्डन तिथेच, दाराला टेकून उभा होता. पण स्ट्रेचरवरच्या माणसाशी वाद घालता येत नाही.

हा मासा सासूबाईंच्या खोलीतल्या काचेच्या टाकीत राहायचा. तो दुकानातून आणलेला, झालर लावलेला परदेशी मासा नव्हता. आपल्याच नदीतला, वीतभर लांबीचा, अंगावर आडवे पट्टे आणि डुकरासारखं पुढे आलेलं नाक. लॉगपर्च म्हणतात त्याला. नाकाने दगड उलटायचे आणि खाली काय सापडतं ते खायचं, हा त्याचा जन्माचा धंदा. सासरे ग्युनार गेले, तेव्हा सासूबाई त्यांचे आमिषाचे सापळे नदीतून काढायला गेल्या, आणि एका सापळ्यात हा बसला होता. ग्युनार यांनाही नदीवर गेल्यावर एकही दगड जागेवर ठेवायची सवय नव्हती. किडे शोधत सगळा काठ उलथापालथा करून यायचे. सासूबाईंनी मासा बादलीत घातला आणि घरी आणला. तेव्हापासून रोज सकाळी त्या कॉफीचा कप घेऊन टाकीशेजारी बसायच्या, आणि मारिटला स्वयंपाकघरात त्यांचं बोलणं ऐकू यायचं. काय बोलतात ते तिने कधी विचारलं नाही. त्यांनी माशाला नाव ठेवलं नव्हतं. नावं ठेवायला त्यांना जावई होता.

मारिट शाळेत शिकवायची आणि परीक्षा जवळ आल्या होत्या. एल्डनचा धंदा गारपिटीच्या विम्याचा, म्हणजे दुसऱ्यांच्या शेतावर गारा पडतील की काय याची काळजी करायची. आणि एप्रिलमध्ये शेतात पीकच नसल्यामुळे त्याला काळजी करायला दुसरं काही नव्हतं. तेव्हा मासा त्याच्याच गळ्यात पडला.

त्याने काम मनापासून हाती घेतलं, हे मान्य करायलाच हवं. टाकीसमोर खुर्ची मांडली. गांडूळ बारीक चिरून टाकलं आणि मासा खातोय का ते पाहत बसला. मासा दगडाआड गेला. एल्डन खुर्ची घेऊन दुसऱ्या बाजूला गेला. मासा पहिल्या बाजूला आला. मग एल्डनने टॉर्च आणला, आणि दगडामागे प्रकाश टाकून तपास सुरू केला. गांडुळाचे तुकडे जसेच्या तसे. दुसऱ्या दिवशीही तसेच. माशाचं पोट आत जाऊ लागलं आणि एल्डनची भूकही त्याच्याबरोबर गेली. रात्री मारिट आईशी फोनवर बोलायची. तिकडून एकच प्रश्न यायचा, “मासा खातोय का?” आणि मारिट म्हणायची, “हो, तसं ठीक चाललंय.” खोटं बोलल्यावर तिचे कान लाल व्हायचे. फोनवर कान दिसत नाहीत हे नशीब.

“तो गेला तर आई परत उभी राहणार नाही,” एकदा फोन ठेवल्यावर मारिट म्हणाली. इतकं सरळ वाक्य त्या घरात फार दिवसांत कुणी बोललं नव्हतं. एल्डनने मान हलवली आणि टॉर्चचे सेल बदलले.

बातमी शेजारी गेलीच. पाल्मर आणि त्याची बायको आर्डिस, दोघं मासा बघायला आले. पाल्मरने टाकीभोवती एक चक्कर मारली, काचेवर टिचकी मारली आणि निदान केलं.

“एकटा आहे बिचारा. त्याला बायको पाहिजे.”

“बायको आली की भूक लागते असं काही नाही,” आर्डिस म्हणाली. “तुझं मी बघतेच आहे. एल्डन, त्याला चिकनचं सूप दे थोडं. आमच्याकडे आजाऱ्याला तेच देत.”

“आर्डिस, तो मासा आहे.”

“म्हणूनच सांगते. थोराने काय सांगितलंय द्यायला?”

“सकरची गाबोळी.”

आर्डिसने हनुवटीला बोट लावलं. “म्हणजे माशालाच माशाची अंडी? स्वतःचीच नातवंडं खातो की काय हा?”

“सकर वेगळा, हा वेगळा,” एल्डन म्हणाला. “नदीत हे सगळे सकरच्या मागे मागेच फिरतात अंडी खायला.”

“वेगळे असले तरी शेजारी ना,” आर्डिस म्हणाली, आणि तिने पाल्मरकडे पाहिलं.

एल्डनने मग कायदेशीर मार्ग धरला. मध्यमवर्गीय माणूस नदीत हात घालण्याआधी कचेरीला फोन लावतो. मासेखात्याच्या फोनवर एक अत्यंत गोड आवाजाची बाई होती.

“अंडी कुठं आहेत तुमची?” तिने विचारलं.

“माझी नाहीत, सकरची. नदीत.”

“नदीत तळाला, की माशाच्या पोटात?”

“काही तळाला असतील, काही अजून पोटात.”

“तळाला असली तर सरकारची. हात लावायचा नाही. पोटात असली तर माशाची. मासा तुमचा झाला की अंडी तुमची.”

“मासा माझा कधी होतो?”

“परवाना काढून जाळ्यात धरलात की.”

एल्डनचा स्वभाव विम्यातला. त्याला बारीक अक्षरं वाचायची सवय. “समजा, मासा माझ्या जाळ्यात आहे, आणि जाळं पाण्यात आहे, आणि त्याने तेवढ्यात अंडी तळाला सोडली. मग ती कुणाची?”

तिकडून कागद चाळल्याचा आवाज आला. मग ती गोड आवाजात म्हणाली, “हा प्रश्न आजवर कुणी विचारला नव्हता. मी साहेबांना विचारून कळवते.” तो फोन अजून यायचा आहे.

परवाना निघाला, लांब दांड्याचं जाळं आलं, आणि छातीपर्यंतची रबरी विजार गॅरेजमधून सापडली. (फावड्याच्या जागी बाकी सगळं सापडत होतं.) निघताना एल्डनने मारिटची पिठाची चाळणी खिशात घातली. कायदा मोडायचा त्याचा विचार मुळीच नव्हता. पण कायदाच जर आपणहून थोडा कलला, तर हाताशी भांडं असावं इतकंच. चाळणीच्या दांडीवर चिकटपट्टी लावून ‘मा. ट्वेट’ असं लिहिलेलं होतं. चर्चच्या जेवणावळीत भांडी एकत्र होतात म्हणून या गावातल्या प्रत्येक भांड्यावर नाव असतं.

पुलाखालच्या उथळ पाण्यात सकर चढले होते. एकामागे एक, काळपट, जाड ओठांचे, पाठी पाण्याबाहेर काढून. पुलावर पाल्मर आणि गावातले आणखी काही जण कठड्याला टेकून उभे होते, कारण बर्फ फुटला की पुलावर उभं राहायचं हे तिथलं वसंताचं काम. एल्डनने जाळं टाकलं. नर आला. सोडला. पुन्हा टाकलं. पुन्हा नर. पुलावरून कुणी काही बोललं नाही, पण ती न बोलण्याची पद्धत एल्डनला ओळखीची होती. शेवटी एकदाची पोट टम्म असलेली मादी जाळ्यात आली, एल्डनने दांडा दोन्ही हातांनी वर ओढला, आणि मादीने शेपटीचा एक फटका त्याच्या चष्म्यावर दिला. चष्मा एकीकडे, मादी दुसरीकडे, चाळणी प्रवाहाबरोबर खाली आणि एल्डन आडवा. रबरी विजारीत नदी शिरली.

तो धडपडत उभा राहिला तेव्हा वरून पाल्मरचा आवाज आला.

“एल्डन, पाणी जरा गार असेल, नाही?”

“तसं काही नाही,” एल्डन म्हणाला. त्याचे दात वाजत होते.

“काही हवंय का?”

आता इथे नियम असा, की पहिल्यांदा विचारलं की नको म्हणायचं, दुसऱ्यांदाही नको म्हणायचं, आणि तिसऱ्यांदा विचारलं तरच तोंड उघडायचं. हा नियम पाण्याबाहेर पाळायला सोपा जातो.

“नको, नको. चाललंय.”

“नक्की काही नको?”

“मजेत आहे.”

पाल्मर कठड्यावरून सरळ झाला, निघाल्यासारखं केलं, आणि थांबला. “आता बघ, काही हवं असेल तर सांग बाबा.”

पुलावरच्या सगळ्यांना वाटलं, हा दोर मागणार. एकाने गाडीतून दोर काढलाही होता. पण एल्डनला पाण्यात उभं राहून एकच गोष्ट सुचत होती. “म्हणजे, जमलंच तर,” तो म्हणाला, “थोडीशी गाबोळी. चमचाभर पुरे. मारिटच्या आईच्या माशासाठी.”

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

संध्याकाळी आर्डिस आली. हातात काचेचं पसरट भांडं, वर झाकण, आत पिवळीधमक गाबोळी. ज्या घराने सकर धुरावर सुकवायला आणले त्यांच्या घरी गाबोळी निघतेच. एरवी ती कुणी लोण्यात परतायचं, कुणी नदीवरच्या पक्ष्यांना टाकायचं. मारिटचे डोळे भरून आले. तिने गाबोळी काढून घेतली, भांडं धुतलं, आणि मग ती थबकली. दुसऱ्याचं भांडं रिकामं परत करायचं नसतं. तिने ओटच्या वड्या केल्या आणि भांडं भरून पाठवलं. एल्डनने चमचाभर गाबोळी टाकीत सोडली, खुर्ची ओढली, टॉर्च लावला. मासा दगडाआड.

सकाळी आर्डिसचं भांडं पुन्हा दारात. वड्या संपल्या होत्या आणि भांडं रिकामं कसं पाठवणार, म्हणून तिने आणखी गाबोळी भरली होती. मारिटने लिंबाच्या वड्या केल्या. तोवर आर्डिसने चर्चच्या शिवणमंडळात सांगितलं होतं, आणि ट्वेट यांच्या ओसरीवर काचेच्या भांड्यांची रांग लागली. प्रत्येकाच्या बुडाला चिकटपट्टीवर नाव. प्रत्येकात गाबोळी. प्रत्येक भांड्यात वड्या भरून परत पाठवायच्या, आणि वड्या खाऊन झाल्या की तेच भांडं गाबोळी घेऊन परत येणार. मारिटच्या हाताला चव होती, हा यातला सगळ्यात मोठा घोटाळा. लोकांच्या मुलांना वड्या आवडू लागल्या होत्या.

फ्रीजरमधून आधी हरणाचं मांस हललं, मग आइस्क्रीम, मग सासूबाईंनी गेल्या उन्हाळ्यात साठवलेले रुबार्बचे आंबट देठ, ज्यांना हात लावायची घरात कुणाची छाती नव्हती. सगळीकडे गाबोळी. मारिट शाळेतून आली की कोट न काढता भट्टी पेटवायची. ओसरीवर अनोळखी मांजरं मुक्कामाला आली. आणि ज्याच्यासाठी हे सगळं, तो मासा दगडाआड.

एल्डनने पाल्मरला गाठलं. “पाल्मर, आता गाबोळी पुरे. खरंच. ठेवायला जागा नाही.”

पाल्मरने समजूतदारपणे मान डोलावली. “हो हो.”

“मी मनापासून सांगतोय. नको.”

“कळलं.”

“अगदी नको.”

तीनदा नको म्हणणारा माणूस फारच गरजू असला पाहिजे, असा त्याचा अर्थ लावला गेला, आणि दुसऱ्या दिवशी पलीकडच्या गावाच्या चर्चमधूनही भांडी आली. भीक नको पण कुत्रं आवर, हे तिकडच्या भाषेत सांगायची सोयच नाही.

त्याच आठवड्यात घरासमोर मासेखात्याची हिरवी गाडी थांबली. एल्डनने खिडकीतून पाहिलं, आणि जाऊन फ्रीजरचं झाकण नीट लावलं. गाडीतून उंच, गंभीर वॉर्डन उतरला. त्याच्या हातात काहीतरी होतं, कापडाने झाकलेलं.

“या,” एल्डन म्हणाला. “कॉफी?”

“नको.”

“थोडी?”

“नको, त्रास नको.”

“केलेलीच आहे.”

“मग घेतो अर्धा कप.”

वॉर्डन बसला. तो हवेबद्दल बोलला. नदीच्या पाण्याबद्दल बोलला. यंदा सकर बरे चढले म्हणाला. एल्डनला दरदरून घाम फुटला होता. ओसरीवर चोवीस तास गाबोळीची वर्दळ, फ्रीजर भरलेला, आणि तळाची अंडी सरकारची. कोण कुठून काय खरवडून आणतंय ते त्याला काय ठाऊक? विम्याच्या धंद्यात माणसाची पत म्हणजे सर्वस्व. उद्या पेपरात छापून आलं तर गारा बाजूला राहतील. वॉर्डनने दुसरा अर्धा कप घेतला, मग तिसरा, उठला, टोपी घातली, दारात गेला, तिथे उभं राहून आणखी बराच वेळ आपल्या भावाच्या ट्रॅक्टरबद्दल बोलला, आणि मग जणू आत्ताच आठवल्यासारखं, हातातलं कापड बाजूला केलं.

मारिटची चाळणी.

“खाली बंधाऱ्याच्या जाळीत अडकली होती,” वॉर्डन म्हणाला. “नाव बघितलं.”

“मी फक्त खिशात ठेवली होती,” एल्डन कसाबसा म्हणाला. “तिच्यात एकही अंडं आलेलं नाही. नदीला मी हातही लावला नाही. म्हणजे लावला, पण अंगाने.”

“हो, ऐकलं,” वॉर्डन म्हणाला. तो आता अस्वस्थ होऊन बुटाकडे पाहत होता. “तर म्हटलं, परत द्यायची तर रिकामी कशी द्यायची. माझ्या बायकोने थोडी गाबोळी घातलीय. आमच्याच सकरची आहे, परवान्याची. तुमच्याकडे त्या लिंबाच्या वड्या असतात असं ती म्हणत होती.”

घरात जितकी भांडी होती, तितक्या सगळ्यांत मिळून एल्डनचा जीव त्या क्षणी पडला. त्याने वॉर्डनला वड्या इतक्या बांधून दिल्या, की त्याला त्या टोपीतून न्याव्या लागल्या.

पण माशाचं काय? मासा कागदासारखा चपटा झाला होता. पाल्मरने एक दिवस एल्डनला कोपऱ्यात घेतलं आणि हळूच सांगितलं, की नदीत असले पट्टेवाले पुष्कळ आहेत, एक धष्टपुष्ट बघून आणू, थोराला काय कळतंय. एल्डन क्षणभर मोहात पडला. मग त्याला सकाळचा कॉफीचा कप आठवला, आणि भिंतीआडून येणारं ते पुटपुटणं. दुसऱ्याच माशाशी त्या तेच बोलत बसतील, आणि आपण बाहेर ऐकत बसू, हे काही त्याला झेपेना.

“नको,” तो म्हणाला. त्याने एकदाच म्हटलं, पण या वेळी पाल्मरला ते पटलं.

आणि सासूबाईंचा फोन आला. शुश्रूषागृहातलं जेवण फार मसालेदार आहे (म्हणजे त्यात मिरपूड असते), त्यामुळे त्या ठरल्यापेक्षा आधीच घरी येतायत. उद्या.

दुसऱ्या दिवशी दुपारपासून अर्धा गाव सासूबाईंच्या खोलीत गोळा झाला. थोराचं स्वागत हे निमित्त. खरं म्हणजे सगळ्यांना आपापल्या गाबोळीचं काय झालं ते बघायचं होतं. टाकीसमोर दाटी झाली. कुणी काचेला नाक लावलं, कुणी टिचक्या मारल्या. आर्डिस म्हणाली, “गेलाय की आहे?” एल्डनने सकाळी शेवटचा उपाय म्हणून ताजी गाबोळी सोडली होती, आणि ती टाकीतल्या पंपाच्या धारेने गडगडत दगडांच्या खाली गेली होती. आता दिसतही नव्हती. मासा कोपऱ्यात तोंड खुपसून उभा होता.

गाडी आली. सासूबाई वॉकर टेकत, कुणाचाही हात न घेता आत आल्या. सगळे त्यांना घेऊन स्वयंपाकघरात गेले, कारण कॉफी तयार होती आणि गरम कॉफीला थांबवणं बरं दिसत नाही. खोली रिकामी झाली. एल्डन सगळ्यात शेवटी गेला. जाताना त्याने टॉर्च विझवला आणि आपल्याला पुन्हा आत बघायची हिंमत होणार नाही म्हणून दारही ओढून घेतलं.

टेबलावर वड्यांचं ताट फिरत होतं. “मासा कसा आहे?” सासूबाईंनी विचारलं. मारिटचे कान लाल झाले. “तसा ठीक...” ती म्हणू लागली.

“ठीक नाही,” एल्डन म्हणाला.

कप जागच्या जागी थांबले. एल्डन उभा राहिला होता, का ते त्याला सांगता आलं नसतं. “तुम्ही गेल्यापासून त्याने एक घास खाल्लेला नाही. मी गांडुळं दिली, गाबोळी दिली, सगळ्या गावाने दिली. मी दिवसभर त्याच्यासमोर बसून असतो. मला वाटतं तो जगणार नाही. फावडं मी वेळेवर आणायला हवं होतं. तेही माझंच चुकलं. मला फार वाईट वाटतं.”

इतकं सगळं खरं एका दमात त्या टेबलावर कधीच कुणी बोललेलं नव्हतं. कुणीतरी खोकलं. पाल्मर आपल्या कपाच्या तळाकडे बघू लागला.

सासूबाई उठल्या. वॉकरचा ठकठक आवाज करत खोलीकडे निघाल्या. मागे सगळे. त्यांनी दार ढकललं.

टाकीत एकही दगड जागेवर नव्हता. सगळे उलटेपालटे, जणू कुणी घाईघाईत घराची झडती घेऊन गेलं होतं. तळाला गाबोळीचा दाणा नाही. मासा मधोमध उभा होता, पोट गोल झालेलं, आणि ओठाला एक पिवळं अंडं चिकटलेलं. इतकी माणसं बघितल्यावर तो गडबडून दगडाआड पळाला.

मारिट एल्डनचा दंड धरून रडू लागली. एल्डन त्याच खुर्चीत बसला.

सासूबाईंनी खुर्चीकडे पाहिलं. खुर्चीखालच्या टॉर्चकडे पाहिलं. काचेवरच्या नाकांच्या ठशांकडे पाहिलं.

“दिवसभर समोर बसून असायचास?” त्या म्हणाल्या.

“हो.”

“दिवा लावून?”

“हो.”

“सगळं गाव टक लावून बघत असताना तू जेवशील का?” त्या म्हणाल्या. “मी दगडाखाली ठेवते आणि कॉफी आणायला जाते. येईपर्यंत त्याचं झालेलं असतं. मग बसून बोलते.” मग त्यांनी काचेवर बोट ठेवलं, तिथेच थोडा वेळ ठेवलं, आणि कुणाकडेही न बघता म्हणाल्या, “रोज समोर बसून होता म्हणे. मारिटचा नवरा तसा वाईट नाही.”

आर्डिसने तोंडावर हात नेला. मारिटने मागे वळून एल्डनकडे पाहिलं. एल्डनला काय करावं ते कळेना, म्हणून त्याने चष्मा पुसला.

सगळे परत स्वयंपाकघरात आले. ताटात एकच वडी उरली होती. आता शेवटची वडी पुरी उचलणं हे या गावात कुणाच्या बापाला जमलेलं नाही. कुणीतरी तिचे दोन तुकडे करतं, मग एकाचे पुन्हा दोन, आणि शेवटी ताटात एक चुरा उरतो, तो रात्री भांडी घासताना घरची बाई खाते. सुरी आर्डिसच्या हातात होतीच. सासूबाईंनी ती काढून घेतली आणि ताट एल्डनसमोर सरकवलं.

“खा,” त्या म्हणाल्या. “पुरती. आणि तुम्ही सगळे तिकडे तोंड करा.”

अर्ध्या गावाने खिडकीकडे तोंडं फिरवली. बाहेर अंगणाच्या सावलीत थोडा मळकट बर्फ अजून शिल्लक होता. कुणीच काही बोलेना, म्हणून पाल्मर बोलला.

“यंदा बर्फ बराच पडला, नाही?”

मग तो थांबला. खिडकीकडे बघता बघता त्याची मान हळूहळू लाल झाली. “एल्डन,” तो पाठमोराच म्हणाला, “बर्फावरून आठवलं. माझ्याकडे एक फावडं आहे. तुझं तर नव्हे?”

एल्डनचं तोंड लिंबाच्या वडीने गच्च भरलं होतं. त्याने सावकाश घास गिळला.

“माझंच आहे,” तो म्हणाला. “उद्या आणून दे. आणि पाल्मर, रिकामंच आण.”